मधल्या भावाचं काय झालं

"हा डोळे झाकून घ्या, ताई," सेल्समन म्हणाला. "पाचशे तासांचं रेकॉर्डिंग मावतं यात. एका वेळी दोन चॅनल. तुम्ही घरी असा नाहीतर नसा, हा आपलं काम चोख करतो."

सुनेनं तो काळा रेकॉर्डर उलटसुलट करून पाहिला. सासूबाई शेजारच्या स्टुलावर मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या.

"वीज गेली तर?" त्यांनी विचारलं.

"आली की आपोआप सुरू होतो, आजी."

"आणि हा लाल दिवा? सारखा डोळ्यांत जाणार."

"आई, तो बंद करता येतो. आत्ताच नाही का सांगितलं त्यांनी?" सून म्हणाली.

हे तिसरं दुकान. पहिल्यातला रेकॉर्डर सासूबाईंना जड वाटला होता, दुसऱ्यातल्याची बटणं बारीक. आता खोड काढायला काही उरलं नव्हतं.

सुनेचं म्हणणं अगदी साधं होतं. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला, सुटायची साडेसातला. मालिका सहाची. गेलं वर्षभर सासूबाई मालिका बघायच्या आणि आठला सून जेवायला बसली की पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायच्या. "रोज माझ्यापायी घसा कोरडा करता," सून म्हणायची. "एकदाचा रेकॉर्डर घेऊन टाकू, म्हणजे तुमची सुटका."

सुटका हवी होती कुणाला? दिवसभरात तेवढाच काय तो अर्धा तास सून त्यांच्या वाट्याला यायची. पण खरी भानगड वेगळीच होती. आठ महिन्यांपूर्वी रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली आणि तेव्हापासून मालिकेचं गाणं संपायच्या आत सासूबाईंचा डोळा लागायचा. जाग यायची ती थेट बातम्यांना. पहिल्या दिवशी सांगायची लाज वाटली म्हणून त्यांनी मनानंच काहीतरी ठोकून दिलं. सून खळखळून हसली. दुसऱ्या दिवशी ते पुढे रेटावं लागलं, आणि मग रोजच. तीन भावांपैकी मधल्याला त्यांनी घराबाहेर काढलं, सायकल दुरुस्तीचं दुकान थाटून दिलं, एका संगीतशिक्षिकेच्या प्रेमात पाडलं. काल त्यानं तिला लग्नाचं विचारलं होतं. पुढचं सुचेना म्हणून सासूबाई तिथंच थांबल्या होत्या.

खऱ्या मालिकेत काय चाललं होतं, देव जाणे! आता ते हा डबा सुनेला सांगणार. ती आपल्याला थापाडी म्हणणार, आणि उद्यापासून या डब्यासमोर बसून जेवणार.

"चित्र धूसर येत असेल," त्यांनी शेवटचं बोट ठेवून पाहिलं.

"धूसर? दाखवतोच तुम्हाला. कुठली मालिका बघता?"

"सहाची. तीन भावांची," सून म्हणाली.

"मग काय! कालचाच भाग आहे यात."

आपल्या हातानं पायावर धोंडा मारून घेतला होता. आता बघत बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पडद्यावर दोनच भाऊ होते, समोर कागद पसरलेले. "मधला जाऊन सात महिने झाले," थोरला म्हणाला. "आता वाटण्या करून टाकू." मागच्या भिंतीवर मधल्याचा फोटो होता.

"मधला गेला?" सुनेनं विचारलं.

"केव्हाच!" सेल्समन म्हणाला. "गाडी दरीत कोसळली नाही का त्याची? आमची आई तर दोन दिवस नीट जेवली नाही."

"आणि ती संगीतशिक्षिका?"

"कुठली संगीतशिक्षिका?" सेल्समन म्हणाला.

सासूबाईंची कानशिलं तापली. त्या पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या. सुनेकडे बघायचा धीर होईना.

सुनेनं तो प्रसंग संपेपर्यंत पाहिला. मग रिमोट काउंटरवर ठेवला.

"चित्र छान आहे. पण नको."

"अहो ताई, असं काय करता? सगळं जसंच्या तसं राहतं यात. एक शब्द इकडचा तिकडे होत नाही."

"म्हणूनच नको," सून म्हणाली आणि तिनं सासूबाईंना हात देऊन उठवलं.

दोघींनी रस्ता ओलांडला. मग सासूबाईंना राहवेना. "अगं, ती गोळी घेतली ना, की डोळेच उघडे राहत नाहीत माझे. तुला सांगणार होते, पण..."

"कुठली, ती नवी? आठ महिने अंगावर काढलंत? कमाल करता आई. उद्याच डॉक्टरांना विचारू." चार पावलं गेल्यावर सुनेनं त्यांचा दंड धरला. "पण गोळी बदलली तरी ती मालिका बघायची नाही हं."

"नाही बघत."

"मग? काय उत्तर दिलं तिनं?"

"कुणी?"

"शिक्षिकेनं."

सासूबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

"हो म्हणाली," त्या घाईघाईनं म्हणाल्या.

"इतक्यात?" सून रस्त्यातच थांबली. "छे! महिनाभर तरी झुलवू द्या त्याला."