दहास एक

दक्षिणेकडून आभाळ काळं होत आलं तेव्हा व्हर्ना स्टब्स दोन रांगांच्या मधोमध दोरी धरून उभी होती. डावीकडे जादा पैसे भरलेल्यांची रांग, उजवीकडे साध्या तिकिटाची. दोन्ही तिच्यापाशी येऊन एक व्हायच्या आणि पुढे रोलर कोस्टरच्या फलाटावर जायच्या. नियम सोपा होता. डावीकडचे दहा सोडायचे, मग उजवीकडचा एक.

पार्कात मुंगीला शिरायला जागा नव्हती. तिकीट जानेवारीत वाढलं, मार्चमध्ये पुन्हा वाढलं, तरी माणसं येतच होती. सुट्टी लागली की पोरांना काय सांगणार? समोर हिरव्या फळ्यांची लांबलचक भिंत होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘नवी नगरी, लवकरच!’ त्याला सहा वर्षं झाली होती. पार्काचा तो नवा भाग उघडला असता तर निम्मी गर्दी तिकडे गेली असती. पण दरवर्षी फळ्यांना नवा रंग लागे, बाकी सगळी बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

कमरेचा वॉकी-टॉकी खरखरला. पलीकडे कोल्टन होता, तिचा सुपरवायझर. वय वर्षं चोवीस.

“मिस व्हर्ना, दहा मिनिटांत विजांचं वादळ इथवर येतंय. मग गाडी बंद. तोवर डावीकडचे जेवढे निघतील तेवढे काढा.”

फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी हे ठरलेलंच. वीज जवळ आली की उघड्यावरची प्रत्येक गाडी थांबते. मग डावीकडच्यांना दुसऱ्या वेळेचा पास मिळायचा आणि उजवीकडच्यांना ध्वनिक्षेपकावरून आभार. रांग मोडायची, आणि गाडी सुरू झाली की पुन्हा पहिल्यापासून लागायची.

उजवीकडे सगळ्यात पुढे जांभळे टी-शर्ट घातलेली चौदा माणसं होती. छातीवर छापलं होतं, ‘गॅस्किन कुटुंब मेळावा’. अलाबामाहून बस करून आलेली. त्यांची म्हातारी काठीवर भार देऊन उभी होती. तिला सगळे आदराने मिस ओडेसा म्हणत होते. साडेतीन तासांत त्या रांगेतल्या मागच्या लोकांनासुद्धा तिचं नाव पाठ झालं होतं.

“मिस व्हर्ना,” बिल्ल्यावरचं नाव वाचून म्हातारी म्हणाली, “खरं सांग हं बाई. लागतो का आज आमचा नंबर? मी काही चढायची नाही, माझी हाडं खिळखिळी झालीत. पण या पोरांना वर्षभर कबूल करून बसलेय. पुन्हा आणायला मी असेन-नसेन.”

व्हर्नाने मनातल्या मनात हिशेब केला. दहास एक या चालीने म्हातारी सोडून उरलेल्या तेरातली चार पोरंसुद्धा जाणार नव्हती. आणि त्यांच्यामागे अख्खी रांग होती, कडेवर लेकरं घेतलेली.

तिला राग आला. कोल्टनचा नव्हे, स्वतःचा. दोन वर्षं ती हीच दोरी धरून लोकांना ‘थोडा धीर धरा’ म्हणत होती. एकट्या पेन्शनवर घराचं भाडं भागत नव्हतं म्हणून अडुसष्टाव्या वर्षी ही नोकरी, आणि आता ती जाणार, हेही तिला स्वच्छ दिसत होतं.

तिने दोरी डावीकडच्या रांगेपुढे ओढली आणि कठड्याच्या आकड्यात अडकवून टाकली.

“चला! जांभळे सगळे! त्यांच्यामागचेही. पळा, पळा!”

“ओ बाई!” डावीकडून एक माणूस ओरडला. “माणशी दीडशे डॉलर जादा भरलेत आम्ही! आणि ते भरूनही तासभर उभे आहोत!”

“मग एवढे पास विकले कशाला, ते विकणाऱ्याला विचारा,” व्हर्ना म्हणाली. “माझ्याकडे दोरी आहे, गल्ला नाही.”

पोरं पळाली. एक गाडी भरून गेली, दुसरी गेली, पाचवी गेली. उजवीकडची रांग सकाळपासून पहिल्यांदाच चालायला लागली. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

सहावी गाडी फलाटावर लागली आणि आभाळ कडाडलं. फाटक बंद झालं. कोल्टन धापा टाकत आला.

“काय केलंत हे? वरचे माझा जीव खातायत! बिल्ला द्या, मिस व्हर्ना. प्लीज. मागच्या दाराने जा.”

तिने बिल्ला काढून त्याच्या हातावर ठेवला. त्याने मान वर केली नाही. मग तो रांगेकडे वळला आणि पाठ केलेलं म्हणाला, “मंडळी, रांग मोडा. गाडी सुरू झाली की नव्याने लागा.”

कुणी हललं नाही. मिस ओडेसाने काठी आडवी ठेवली, एका हाताने कठडा धरला आणि हळूहळू, कण्हत, छपराखालच्या फरशीवर बसली.

“आजी, तुमची माणसं तर गेली ना गाडीत बसून?” कोल्टन काकुळतीला आला.

“माझी गेली. यांची राहिलीत.”

तिच्यामागची बाई बसली. मग तिचा नवरा, मग कडेवरची लेकरं उतरली, आणि बघता बघता अख्खी रांग वळणावळणाने खाली बसली. बाहेर पाऊस कोसळायला लागला. कोल्टनने वॉकी-टॉकी तोंडाशी नेला आणि पुन्हा कमरेला अडकवला.

व्हर्ना मागच्या दाराकडे गेली नाही. ती वाकून दोरीखालून उजवीकडे आली. तिथे पाय ठेवायला जागा नव्हती.

“सरका रे जरा,” मिस ओडेसा म्हणाली. “मिस व्हर्नाला बसू द्या.”

सगळी रांग सरकली.