नवा दात

“डॉक्टर, हा स्क्रू आपला नव्हे, हे हाडाला कळत नाही काय?” शिवमूर्ती साळोख्यांनी विचारलं. तीस वर्षं ते बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत होते. पुढचा दात हलायला लागल्यापासून ट्रम्पेट ओठाला लावताच कळ मस्तकात जायची. आता तो काढून जबड्याच्या हाडात स्क्रू आणि त्यावर नवा दात बसवायचा होता.

“हाड त्याला परकं मानत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण तुमची साखर एवढी, वर तंबाखू. जखम भरली नाही, तर स्क्रू निसटेल.”

साळोख्यांनी तंबाखू सोडली. रोज पंचगंगेच्या घाटापर्यंत चालले. चार महिन्यांनी साखर उतरली, तेव्हा कुठे बाईंनी दात काढून स्क्रू बसवला. हाड तो धरेपर्यंत ट्रम्पेट बंद. सगळी लग्नसराई घरात बसून गेली.

अखेर नवा दात बसला. साळोख्यांनी दवाखान्यातच ट्रम्पेट फुंकला आणि मध्येच थांबून दाताला बोट लावलं.

“दुखतंय?” बाईंनी घाबरून विचारलं.

“छे! सूर लागलाय. पण पूर्वी तो दातात झिणझिणायचा. या दाताला काहीच कळत नाही.”

“त्याला नस नाही ना.”

“अस्सं होय!” म्हणत साळोख्यांनी डोळे मिटले आणि सूर आता कुठे जाणवतो, ते शोधत पुन्हा फुंक मारली.