न चाखलेली आमटी

विलाई आज चाखतच नव्हती.

शरयूच्या ते लगेच ध्यानात आलं. एरवी या बाईचा चमचा पातेल्यातून तोंडात आणि तोंडातून सिंकमध्ये असा सारखा फिरत असायचा. जरा चिंच घातली की चमचा, जरा साखर घातली की दुसरा चमचा. माप म्हणून काही नाहीच, सगळा कारभार जिभेवर. नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंडात शीतही न टाकणाऱ्या घरातल्या शरयूला सुरुवातीला ते बघून कसंतरीच व्हायचं. पण तिची हौस दांडगी. दोघी एकाच हॉस्पिटलमध्ये, विलाई नर्स आणि ही लॅबमध्ये. सुट्टीच्या शनिवारी शरयू शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून गाडी काढून लॉकपोर्टला, कालव्याकाठच्या या घरी थाई स्वयंपाक बघायला यायची. बघायचीच फक्त. मासे शिजायला लागले की स्कार्फ नाकाला लावून खिडकीशी जायची आणि तिथून प्रश्नांची सरबत्ती सुरू ठेवायची.

आजही तिला राहवेना. "टेस्ट नाही करत आज?"

विलाईनं मान हलवली. आज आईचं वर्षश्राद्ध होतं. पातेल्यातली चिंचेची माशाची आमटी त्यांच्या देवळातल्या भिक्षूंसाठी होती. ते जेवल्याशिवाय घरातल्या कुणी तिला तोंड लावायचं नाही. त्यांनी खाल्लेलं आईला पोचतं, असं ती म्हणाली. शरयूला हसूच आलं. आमच्याकडे हे काम कावळा करतो, असं तिनं सांगून टाकलं.

विलाई हसली नाही. ती हातातल्या बाटलीकडे बघत होती. बाटलीत फिश सॉस होता, म्हणजे त्यांचं मीठच. नेहमीचा शिकागोच्या दुकानात मिळाला नव्हता आणि हा नवा किती खारट आहे, देव जाणे. चाखायचं नाही, तर कळणार कसं? आई बँकॉकच्या कालव्यात होडीतून हीच आमटी विकायची, असं ती सांगू लागली. चव बिघडली तर गिऱ्हाइकाला वाढायची नाही, अख्खं पातेलं पाण्यात ओतून द्यायची. अशा बाईला वर्षाच्या जेवणाला अळणी आमटी पाठवायची?

"तू टेस्ट कर," विलाई म्हणाली. "तुला हा रूल नाही. प्लीज."

अमेरिकेत इतकी वर्षं काढली, पण केकसुद्धा शरयू अंडं नाही ना, हे विचारून खायची. आणि समोर ही, एरवी ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टरांना गप्प करणारी, आज बाटली धरून रडवेली उभी. शरयूला गलबलून आलं.

"चाखणार नाही," ती म्हणाली. "वास घेऊन सांगते."

विलाईला काही कळेना. मग शरयूनं समजावलं. आमच्याकडेही देवाच्या आधी चाखत नाहीत, त्यामुळे मीठ नाकानं बघायची सवय लागते. माझी आई देवघरातून हाक मारून सांगायची, आमटीत मीठ राहिलंय गं. आपलं नाक तुरीच्या वरणावर शिकलंय, माशांवर नाही, हे मात्र तिनं मनातच ठेवलं.

तिनं स्कार्फ काढून खुर्चीवर टाकला आणि पातेल्यावर वाकली.

आधी नुसता मासाच आला. खिडकीकडे पळावंसं वाटलं. दात आवळून तिनं पुन्हा श्वास घेतला. आता चिंच ओळखू आली, तिच्यामागून मिरची, लसूण. पण सगळे आपापले वेगळे होते. मीठ लागलं की आमटीचा वास एकजीव होतो, तो होत नव्हता.

"कमी आहे."

विलाईनं बाटली तिच्याच हातात दिली. जन्मात मासळीला हात न लावलेल्या शरयूनं ती उपडी केली, ढवळलं, वास घेतला, पुन्हा थोडं ओतलं. मग म्हणाली, "बास." विलाईनं काही न विचारता झाकण लावलं.

देऊळ म्हणजे शहरातल्या एका जुन्या बंगल्याचा हॉल होता. भिक्षू सतरंजीवर ओळीनं जेवायला बसले. सगळ्यात म्हाताऱ्या भिक्षूनं आमटी भातावर घेतली, तशी शरयू त्याच्या तोंडाकडे टक लावून बघू लागली. काही म्हणजे काही कळेना. ते चांगलं-वाईट म्हणत नाहीत, विलाई कानात कुजबुजली. शरयूचा जीव टांगणीला. जेवणं झाली, मंत्र झाले, विलाईनं आईच्या नावानं लहानशा भांड्यातून वाटीत पाण्याची धार सोडली. मग कुठे घरच्यांची पानं वाढली गेली. शरयूनं आपल्यापुरता कोरडा भात आणि काकडी घेतली.

विलाईनं आमटीचा चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"जास्त झालंय," ती म्हणाली. "आईच्या आमटीपेक्षा बरंच खारट."

शरयूचा चेहरा उतरला. सॉरी म्हणायला तिनं तोंड उघडलं, तोवर विलाईनं आणखी दोन डाव आमटी भातावर ओतून घेतली होती. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"शेवटी शेवटी डॉक्टरांनी तिचं मीठ बंद केलं होतं," ती म्हणाली. "आज पोटभर जेवली असेल."