आंब्यावरची रिम

वाऊ शहराकडच्या त्या चर्चला पितळी घंटा कधी नव्हतीच. अंगणातल्या आंब्याच्या फांदीला ट्रकच्या चाकाची रिम टांगलेली, तीच बडवायची. आपसातली लढाई पेटल्यापासून ती वाजली की माणसं जीव घेऊन चर्चात पळायची. मग शिपायांनी तीही काढून नेली आणि आपल्या गाडीला बसवली.

आज भरदुपारी तीच गाडी फाटकाशी येऊन थांबली. आत गाव दाटीवाटीनं बसलेलं. फाटकात अकोन म्हातारी उभी, हातात ज्वारीचं पीठ घाटायचा दांडा.

"म्हातारे, आतले बाप्ये बाहेर काढ," गाडीतून उतरत कप्तान म्हणाला.

"उपाशी हाईस व्हय रं? बस, वाढते. माणूस मात्र एक बी देणार न्हाई."

शिपाई फिदीफिदी हसले. कप्तानानं बंदूक रोखली.

तोच आंब्यावर रिम वाजली. टण्ण. टण्ण.

फांदीला तर नुसता दोर होता.

"कोण वाजवतंय? बंद कर ते!"

"रिम तुझ्याकडं हाय, लेकरा. तूच कर की बंद."

कप्तानानं वाकून गाडीच्या चाकावर हात ठेवला. दर ठोक्याला लोखंड हाताखाली थरथरत होतं.

फांदीवरचा दोर वजन लागल्यासारखा ताणला गेला. अकोननं मागं वळूनही बघितलं नाही. तिनं दांडा उचलला आणि त्याच तालात फाटकावर हाणला.