चढावरची थरथर

“अगं, ट्रक आहे तो, नवरी नाही. किती नटवशील?” होलुबला शेवटी राहवलं नाही. ब्लांका तिसऱ्यांदा तारा तपासत होती.

“काका, आज हसवू नका. आज थरथर कमी झालेली दिसली नाही, तर साहेब माझी चकती भंगारात टाकणार.”

होलुबला ते ठाऊक होतं. कारखान्याचे ट्रक बेस्कीडच्या डोंगरात चालवून बघण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. चाळीस टनांचं ओझं घेऊन चढताना इंजिनाच्या ठोक्यांनी चाकांकडे जाणारा दांडा पिळायचा, सुटायचा, पुन्हा पिळायचा. इंजिन मिनिटाला अकराशे फेऱ्यांवर गेलं की तर दात वाजायचे. साहेबांचं म्हणणं, हल्लीचे ड्रायव्हर नाजूक झालेत. ब्लांकाचा मात्र ड्रायव्हरांवर विश्वास होता. ती थरथर गिळणारी क्लचची चकती बनवायला पोरीने चार वर्षं घातली होती. सहा नमुने प्रयोगशाळेतच मोडले. आज पहिल्यांदाच ट्रक मोजमापाची यंत्रं लावून रस्त्यावर निघाला होता.

चढ लागला. फेऱ्यांचा काटा हजारापुढे सरकला आणि सीट हादरायला लागली. तीच जुनी थरथर, तसूभरही कमी नाही. हिचं नशीबच खडतर, दुसरं काय!

चाचणीत ॲक्सिलरेटरचं पेडल तळापर्यंत दाबून ठेवायचं असा नियम होता. होलुबने पाय अलगद उचलला, बोटभरच. इंजिनाचा जोर उतरला आणि थरथर निवली. यंत्र दांड्याचा पीळ मोजत होतं, त्याचा पाय नाही. तीस वर्षांतली ही पहिलीच लबाडी, पण त्याला तिची लाज वाटली नाही.

तो ट्रक घेऊन पायथ्याशी परतला तेव्हा साहेब समाधानाने मान हलवत गाडीत बसत होते. यंत्राने वाटेतूनच पाठवलेल्या मोजमापाच्या, ब्लांकाच्या हातातल्या कागदावरची रेघ इस्त्री केल्यासारखी सपाट होती. पोरीचे डोळे भरून आले होते.

“रडतेस काय वेडे? जिंकलीस! आज बिअर तुझ्याकडून.”

“काका, तुम्हाला सांगायची मनाई होती,” ती कशीबशी म्हणाली. “तुलनेसाठी पहिली फेरी जुन्या चकतीवर मारायची होती. साहेब म्हणाले, बघ, जुनीवरही थरथर नाहीच, ड्रायव्हर उगाच ओरडतात. माझी चकती अजून खोक्यातच आहे.”