हाताचा गुण

"माणसें आहांत कीं कसाई?" हनुमंतरावांनी डॉक्टरांच्या टेबलावर हात आपटला. "आठवड्याचें लेकरूं! जन्मांत एक गोळी गिळली नाहीं. आणि त्याच्या रक्तांतला जंतु सगळीं औषधें पचवतो? कोठें शिकला तो? तुमच्या ह्याच आस्पत्रींत!"

काचेपलीकडच्या ऊबेच्या पेटीत त्यांचा नातू निपचित पडला होता. शेवटचं एक औषध सकाळी सुरू केलं होतं. तेही लागू पडेल की नाही, कोणी छातीठोकपणे सांगत नव्हतं.

हनुमंतरावांना औषधांतलं कळत नाही असं म्हणायची तंजावुरात कोणाची टाप नव्हती. तेरकु वीथी या रस्त्यावर त्यांचं औषधांचं दुकान. डॉक्टरची चिठ्ठी कशाला? घसा धरला, घे अँटिबायोटिकच्या दोन कॅप्सूल. पोट बिघडलं, घे दोन. बरं वाटलं की बंद कर. स्वतः शिंकले तरी तेच. आणि माणूस कसा, ठणठणीत! त्यांच्या हाताला गुण आहे, असं सगळी वीथी म्हणे.

म्हणून तर सेनै लावायचा मान त्यांचा. घरातल्या गुणी माणसाने नवजात बाळाच्या जिभेवर बोटाने साखरपाणी लावायचं, म्हणजे त्याचे गुण बाळात उतरतात. नर्स आडवी आली होती. तिला झिडकारून त्यांनी बोट लावलं होतं.

"मज हात धू म्हणाली ती!" ते आता तिच्यावरच घसरले. "मज! तिचे हात कोणी तपासले?"

"मी तपासले, मामा," डॉक्टर दिव्यश्री म्हणाली. ती इथली जंतुतज्ज्ञ, आणि त्यांच्या नात्यातलीच. "नर्सांचे हात, नळ, नळ्या, पेटी, सगळें. हा जंतु इथला नव्हे. जंतूची जनुकें म्हणजे त्याची वंशावळ, ती लपत नाहीं. मग बाळास शिवलेल्या घरच्यांचे नमुने पाहिले. एकाच्या पोटांत तोच जंतु आहे. औषध निकामी करणारें जनुकही तेंच. त्या माणसास कांहीं त्रास नाहीं. दोन दोन गोळ्या खाऊन त्यानें तो पोसला, एवढेंच."

घरच्यांपैकी एक, यापुढचं हनुमंतरावांनी ऐकलंच नाही. घरचाच माणूस!

"कोण तो चांडाळ? नांव सांग! त्याचा हात तोडून कावेरींत टाकतों!"



काचेला कपाळ टेकून उभी असलेली वर्षा, बाळाची आई, वळली. आजवर सासऱ्यांना ती एक उलट शब्द बोलली नव्हती. ती जवळ आली. त्यांचा उजवा हात तिने मनगटात धरला आणि साखरपाण्यात बुडवलेलं ते बोट त्यांच्याच डोळ्यांसमोर धरलं.

"तोडा, मामंजी."