हद्दीतलं पाणी

शिपायानं मायलेकींचा एकेक केस शाळेच्या फाटकावरच्या यंत्रात घातला, तसा हेमलतानं श्वास रोखला. माणूस कुठलं पाणी पितो ते यंत्राला केसावरून कळायचं, आणि प्रवेश हद्दीतल्या मुलांनाच मिळायचा. म्हणून तिनं वर्षभर शाळेजवळ राहणाऱ्या थोरल्या बहिणीच्या नळाचं पाणी घरी नेऊन लेकीला पाजलं होतं.

हिरवा दिवा लागला. मृण्मयी आत पळाली.

“शाळा सुटल्यावर हिला हद्दीतल्या घरीच सोडणार,” शिपाई म्हणाला. “तुम्ही बाहेरच्या निघालात.”

“अहो, मी आई आहे तिची!”

“असाल. पण यंत्राच्या लेखी ती तुमच्याकडे राहतच नाही.”

हेमलतानं बहिणीला फोन लावला.

“अक्का, मृण्मयी आजपासून तुझ्याकडे. तिला गोष्ट सांगितल्याशिवाय झोप येत नाही, बरं का.”